हार्ड डिस्कमधला येवा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मुळात दोनच तक्रारी घेऊन येतं. एक, ‘चालू होईना’. दुसरी, ‘जागा कुठं गेली?’ पहिलीचं उत्तर निम्म्या वेळा भिंतीवरच्या बटणात असतं. दुसरीचं उत्तर शोधण्यात माझी हयात गेली.

परभणीच्या बसस्टँडपासून पाच मिनिटांवर माझं एका शटरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता वय झालं म्हणून आठवड्यातून तीनच दिवस उघडते. आत एक टेबल, माझं स्टूल, मेलेल्या मॉनिटरांची उतरंड आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच खुर्ची. दुसरं माणूस आलं तर ते पायरीवर उभं. नवीन गिऱ्हाईक आत डोकावून आधी विचारायचं, “मिस्त्री कुठं गेलेत?” मी हातात स्क्रू ड्रायव्हर धरूनच सांगायची, “मिस्त्री जेवायला गेलेत, तोवर मी दुरुस्त करते.” दुरुस्त करून हातात दिलं, तरी काही जण मिस्त्रींची वाट बघत बसायचे.

तर जागा. बाहेरची हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरला तारेनं जोडायचा एक डबा. त्यात फोटो, गाणी, लग्नाचे व्हिडिओ, काय वाटेल ते ठेवा. कधी कधी होतं असं की आत चार वस्तू दिसतात आणि डबा मात्र गच्च भरल्याचं सांगतो. कारणं साधी असतात. तुम्ही पुसलेली फाइल डिस्कमधल्याच एका दडलेल्या कोपऱ्यात जाऊन बसते. कॉम्प्युटर जुन्या प्रती राखून ठेवतो आणि तुम्हाला कळवत नाही. पिंगळीच्या एका गुरुजींनी चार वर्षं शाळेचे फोटो ‘पुसले’ होते, आणि चारही वर्षं ते त्यांच्याच डिस्कमध्ये सुखानं नांदत होते.

पाथरीचा एक लग्नाचं शूटिंग करणारा एकदा सकाळच्या पहिल्या जीपनं आला. चेहरा पांढराफटक. डिस्क उघडून दाखवली तर आत काहीच नाही, आणि जागा मात्र शिल्लक नाही. “मॅडम, डबा भरलेला हाय अन् आत कोन न्हाई,” तो म्हणाला. खरं तर एका व्हायरसचं काम होतं ते. तो सगळा माल एका फोल्डरमध्ये कोंबतो आणि त्या फोल्डरला नावही ठेवत नाही, चित्रही ठेवत नाही. पडद्यावर नुसती कोरी जागा दिसते. मी त्या कोऱ्या जागेवर क्लिक केलं आणि दोन हंगामांची लग्नं बाहेर आली. हळदीतल्या नवऱ्या, मांडवातले मामा, सगळे जिथल्या तिथं. त्या माणसानं तिथल्या तिथं हात जोडले. मला मात्र त्या कोऱ्या जागेचं जरा भय वाटलं. तेव्हापासून काही दिसत नसलं तरी मी क्लिक करून बघते, अशी फुशारकी मी चार जणांत मारत असे.

येलदरीचे भुजंगराव आले त्या दिवशी नेमकी हीच सवय मला सोडून गेली.

भुजंगराव म्हणजे सत्तरीकडं झुकलेले गृहस्थ. पांढरा सदरा, टोपी, खिशात लांबट वही. धरणावर पाण्याची पातळी घेण्याचं काम त्यांनी उभा जन्म केलेलं. उपरण्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, ह्याच्यात पाणी चढायलंय.”

मी आधी डिस्क उलटी करून बघितली. “पडली का पाण्यात?”

“न्हाई हो. पातळी चढायलीय. निळी.”

मग माझ्या ध्यानात आलं. कॉम्प्युटरवर डिस्कच्या नावाखाली एक आडवी पट्टी दिसते. जेवढी डिस्क भरलेली, तेवढी पट्टी निळी. भुजंगराव रोज सकाळी आठ वाजता ती पट्टी बघत होते आणि शेजारी लिहिलेली शिल्लक जागा वहीत उतरवून घेत होते. सात महिन्यांच्या नोंदी, एकही दिवस चुकलेला नाही.

“चौतीस वर्षं आठला पातळी घेतली,” ते म्हणाले. “रिटायर झालो तरी आठ वाजले की हात वहीकडं जायलाय. धरणावर आता आत सोडत न्हाईत. मग हे मोजायलोय.”

रोज एका फोटोएवढी जागा कमी होत होती. कॉम्प्युटर एखाद्या दिवशी बंद राहिला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. ही नोंदसुद्धा त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात केली होती. मी ती वाचली आणि सोडून दिली. आज ते आठवलं की स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते.

“मामा, जागा अशी हळूहळू जाते कधी कधी. कचरा साठतो.”

“जात न्हाई, यायलंय,” ते ठासून म्हणाले. “पाणी उतरलं तर तीन वाटा असत्यात. उन्हानं उडतंय, कुठंतरी गळतंय, न्हाईतर आपण सोडलंय. पन चढायला वाट एकच. येवा. वरून पाणी येतंय त्याला आमी येवा म्हणतो. ह्याच्यात वरून कोन सोडायलंय, तेवढं सांगा.”

मी हसले. “डिस्कला नदी नसते, मामा.”

ते हसले नाहीत.

घरात कोण कोण वापरतं, असं मी विचारलं. “आमी दोघंच. मंडळी हात लावत न्हाई. मी भजनं ऐकतो. आतलं सगळं पोरानं भरलेलं हाय.”

“आणि मुलगा कुठं असतो?”

“न्हाई,” ते म्हणाले.

घरी नाही, की राहिलाच नाही? एवढाच प्रश्न पुढं विचारायचा होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, दुसरा अर्थ घेतला आणि गप्प बसले. आपल्याकडं अशा वेळी खोदून विचारत नाहीत.

डिस्क तीन दिवस माझ्याकडं राहिली. तीन दिवसांत पातळी तसूभर हलली नाही. म्हणजे डिस्क निरोगी आणि म्हातारबुवांना चाळा, असं मी मनात ठरवून टाकलं. तरी कर्तव्य म्हणून लपवलेल्या गोष्टी दाखवायचा हुकूम दिला, तेव्हा एक फोल्डर वर आलं. आत दोनशेच्या आसपास फायली. नावं नव्हती, नुसते आकडे. प्रत्येक फाइलच्या नावामागं एक शेपूट असतं, त्यावरून ती फोटो आहे की गाणं ते कळतं. ही शेपटं माझ्या ओळखीची नव्हती. दोन-तीन फायली उघडायला बघितल्या, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडल्या नाहीत. संशय आला की पुसायचं, हा माझा खाक्या. मी सगळ्या पुसल्या. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, कारण पुसलेलं पुष्कळदा परत काढता येतं. पण व्हायरस असला तर तो पुन्हा उगवू नये म्हणून मी डिस्कमधली सगळी रिकामी जागा अक्षरशः घासून काढली. या घासण्याचा मला मोठा अभिमान होता. माझ्या हाताखालून गेलेल्या डिस्कमध्ये पुन्हा काही उगवत नाही, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत असे.

भुजंगराव डिस्क घेऊन गेले. सातव्या आठवड्यात पुन्हा आले, या वेळी नुसती वही घेऊन.

“अकरा दिवस येवा शून्य,” ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. “मग पुन्हा सुरू. आठला.”

मी वही ओढून घेतली. अकरा दिवस एकच आकडा, आणि बाराव्या दिवसापासून रोज तेवढीच घट. मी अंगारे-धुपारे मानणारी बाई नाही. माझ्या घरात देवसुद्धा वेळेवर पुसले जात नाहीत. पण गेलेल्या मुलाची डिस्क, त्याच्या आईबापांच्या रिकाम्या घरात, रोज सकाळी आठला थोडी थोडी भरते आहे, हे डोळ्यांपुढं आलं आणि भर उन्हाळ्यात माझ्या हातावर काटा उभा राहिला. माझ्या दुकानात ती तीन दिवस गप्प होती. घरी गेली की तिच्यात काहीतरी येत होतं.

“मीच येते मामा तुमच्याकडं,” मी म्हटलं.

जिंतूरला बहिणीकडं मुक्काम केला आणि सकाळच्या जीपनं येलदरी गाठली. दोन खोल्यांचं घर, मागं धरणाचं पाणी लांबून चमकत होतं. कॉम्प्युटरवर हातानं विणलेला रुमाल, आणि डिस्कला चक्क अंगारा लावलेला. भुजंगरावांच्या मंडळी, सुभद्राबाई, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी अंगाऱ्याकडं बघतेय हे त्यांनी बघितलं.

“पावणेआठ झालेत,” त्या म्हणाल्या. “आठला येतो तो.”

“कोण, मामी?”

त्या चहा ठेवायला आत वळल्या.

चहा झाला, आठ वाजले. भुजंगराव वही उघडून, टोपी नीट करून उभे राहिले, धरणावर साहेब आल्यावर राहत असतील तसे. कॉम्प्युटरपासून आम्ही तिघंही हातभर लांब. डिस्कवरचा हिरवा दिवा शांत. आठ वाजून एक मिनिट, दोन मिनिटं. मला वाटलं, आज काही व्हायचं नाही. आणि तिसऱ्या मिनिटाला दिवा लुकलुकायला लागला. आतून कुर्र कुर्र असा बारीक आवाज आला, कोणी नखानं पत्रा खरवडावा तसा. चार-पाच सेकंद. मग थांबला. पडद्यावरचा आकडा कमी झाला होता.

“चढलं,” भुजंगराव हळूच म्हणाले आणि त्यांनी नोंद केली.

कीबोर्डला कोणाचाही हात लागलेला नव्हता. मी ते माझ्या डोळ्यांनी बघत होते. खरं सांगते, क्षणभर मलाही त्या खोलीतून बाहेर जावंसं वाटलं. मग धंदा आठवला. मी खुर्चीत बसले आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या बाणावर क्लिक केलं. त्यामागं बारीक बारीक चित्रं दडलेली असतात, ती सहसा कोणी बघत नाही. तिथं एक छोटासा ढग होता.

इथं जरा समजावून सांगते. इंटरनेटवर आपला माल ठेवायला जागा मिळते. तिला ढग म्हणतात. घरचा कॉम्प्युटर एकदा त्या जागेशी बांधून ठेवला, की दोन्हीकडं एकच माल राहतो. जगात कुठूनही, फोनवरून का होईना, तिकडं काही ठेवलं की ते इकडं आपोआप उतरतं. आणि इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं.

हे शेवटचं वाक्य मी त्या दोघांना सांगत होते, आणि सांगता सांगताच मला दुकानात पुसलेल्या त्या दोनशे फायली आठवल्या.

ढगावर खात्याचं नाव होतं, अंगद.

“अंगद कोण?”

“पोरगं,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“तो... गेला ना?”

“गेला की. तीन वर्षं झाली. घर सोडून गेला.” मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. “तुमाला काय वाटलं, ताई?”

मी अंगारा लावलेल्या डिस्ककडं बोट दाखवलं.

भुजंगरावांनी वही मिटली. ते भिंतीकडं बघत बोलले. “परीक्षेत पास झाला न्हाई, नोकरी न्हाई, दिवसभर ह्याच्यापुढं बसून राहायचा. मी म्हणलो, या घरात तुला जागा न्हाई. एवढंच म्हणलो. जेवायला बसलेला होता. ताट सरकवलं अन् उठला. मला वाटलं धरणाकडं गेला आसंल, येईल.” ठाण्यात नोंद केली, पाहुण्यारावळ्यांत शोधलं. फोन बंद. तीन वर्षांत खबर नाही. जिवंत आहे की नाही, हेही माहीत नाही. डिस्कवरचा अंगारा त्याच्यासाठी होता.

मी सोबत नेलेला लॅपटॉप नवीन होता. त्यावर त्या आकडेवाल्या फायली उघडल्या. नव्या फोनचे फोटो होते ते, म्हणून माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला कळले नव्हते. पहिला फोटो पाण्याचा. दुसरा पाण्याचा. तिसराही. एक कालवा, एक तळं, कुठल्यातरी घाटाच्या पायऱ्या, एक भलीमोठी गढूळ नदी. एकाही फोटोत माणूस नाही, पाटी नाही, घर नाही. नुसता पाण्याचा काठ. रोज सकाळी आठची वेळ. बघता बघता अंगावर यायला लागलं. कोणीतरी गावोगाव फिरतंय आणि रोज त्याच वेळी पाण्याकडं बघत उभं राहतंय.

“फोन दुसऱ्या कोणी घेतला असेल मामा,” मी म्हटलं. खोटी आशा लावायची नव्हती. “चोरीचे फोनही हिंडत असतात.”

भुजंगराव पडद्याला नाक लागेल इतके वाकले होते. “धोंडा बघा,” ते म्हणाले.

मी बघितलं. प्रत्येक फोटोत अगदी काठाला, पाणी टेकतं तिथं, मुठीएवढा एक दगड होता.

“मी धरणातली पाण्याची मोजपट्टी वाचायला जायचो तवा हा संगं यायचा. चार-पाच वर्षांचा. त्याला आकडे येत नव्हते. मग तो काठाला धोंडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी धोंडा बुडाला का पाणी चढलं, कोरडा ऱ्हायला का उतरलं. म्हणायचा, बाबा, माझी पट्टी धोंड्याची.” त्यांनी पडद्यावरच्या धोंड्यावर बोट टेकवलं.

सुभद्राबाई खाली बसल्या. “जिता हाय,” त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

आता मला बोलणं भाग होतं. आधीच्या सात महिन्यांचे फोटो मी पुसले होते. घासून काढले होते. परत काढायची एकही वाट ठेवली नव्हती. आणि भुजंगरावांनी डिस्क घरी नेऊन जोडल्याबरोबर ते त्याच्या ढगातूनही पुसले गेले होते. तिकडच्या कचरापेटीतलंही महिन्याभरानं आपोआप जातं, आणि महिना कधीच उलटला होता. मी हे सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकापुढं माझी मान इतकी खाली कधी गेली नव्हती.

भुजंगरावांनी वही उघडून जुनी पानं चाळली. मग म्हणाले, “म्हंजे सात महिने येवा आला, अन् आपण समदा सांडव्यावरून सोडून दिला.”

सुभद्राबाईंनी मात्र वर्मावर बोट ठेवलं. “त्याला वाटलं आसंल, आमी पुसलं.”

तेच. अकरा दिवस शून्य का होतं, ते आता तिघांनाही कळलं होतं. त्याला एके दिवशी दिसलं असणार की सगळं नाहीसं झालं. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून. म्हणजे बापानं बघितलं आणि दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं. माझ्या हातून ते झालं होतं, आणि मला रडायलाही तोंड नव्हतं.

“पन पुन्हा आला की,” सुभद्राबाई म्हणाल्या. “अकरा दिवस रुसला अन् पुन्हा आला. ल्हानपणी पन असाच करायचा.”

खात्यात त्याचा फोन नंबर दिसत नव्हता. पण मी त्यांना सांगितलं, की हा रस्ता दोन्हीकडून चालतो. या फोल्डरमध्ये तुम्ही काही ठेवलंत तर ते त्याला तिकडं दिसेल.

“विसर्ग,” भुजंगराव म्हणाले. विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. “एकदम सोडायचं न्हाई ताई. पाणी सोडायच्या आधी भोंगा द्यावा लागतोय. न्हाईतर खालचं माणूस भिऊन पळतंय.”

सुभद्राबाई म्हणाल्या, माझा फोटो पाठवा. मी म्हटलं, चिठ्ठी लिहा. भुजंगरावांनी दोन्हीला मान हलवली. मग विचारलं, “नुसतं नाव देता येतंय का? आत काही न्हाई. नुसतं नाव.”

“येतं. रिकामं फोल्डर.”

“त्याला नाव द्या, जागा हाय.”

मी टाइप केलं, ‘जागा आहे’.

“आहे नको,” ते म्हणाले. “हाय लिवा. आहे म्हणल्यावर त्याला सरकारी वाटंल.”

मी ‘जागा हाय’ लिहिलं. डिस्कवरचा दिवा एकदा लुकलुकला आणि ते वर निघून गेलं. रिकाम्या फोल्डरला जागा लागत नाही, त्यामुळं पातळी हलली नाही. भुजंगरावांनी तरी शेऱ्यात लिहिलं, ‘भोंगा दिला.’ फोटो त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडतील अशी सोय करून मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फोन. “येवा शून्य.” तिसऱ्या दिवशी, “शून्य.” ते रोज फोन करायचे, एवढा एक शब्द बोलायचे आणि ठेवायचे. मी सकाळी चहाचा कप हातात धरून त्या शब्दाची वाट बघायची. आधी मी पुसलं होतं, आता मीच त्याला पळवून लावलं होतं. पाचव्या दिवशी वाटलं त्यानं खातंच बंद केलं असणार. सातव्या दिवशी मी देवापुढं उभी राहिले. देव पुसूनही घेतले.

नवव्या दिवशी फोनवर आधी धाप ऐकू आली. मग भुजंगराव बोलले.

“ताई, आपलीच मोजपट्टी हाय.”

“कुठं?”

“फोटोत. धोंड्याच्या मागं, लांब. येलदरीची. मी रंगवलेली हाय ती.”

फोटो रोजच्या फोल्डरमध्ये नव्हता. ‘जागा हाय’मध्ये ठेवलेला होता. घराच्या मागं, कोळ्यांच्या होड्या लागतात त्या काठावरून काढलेला. म्हणजे तीन वर्षं कुठं कुठं हिंडणारं ते पाणी एका सकाळी थेट घरामागं येऊन उभं राहिलं होतं, आणि हे दोघं त्या वेळी दिव्याकडं बघत आत बसले होते. भुजंगराव अनवाणी धावत गेले. काठावर धोंडा होता. माणूस नव्हतं. कोळ्यांना विचारलं, त्यांनी कोणाला बघितलं नव्हतं. वाळूत पावलं किती, आणि त्यातली त्याची कुठली!

“उद्या आठला मी तिथंच उभा ऱ्हातो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी फोन आला, तो सुभद्राबाईंचा. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. त्या कुजबुजत बोलत होत्या, शेजारी कोणी झोपलेलं असावं तसं.

“ताई, आज मीच उघडून बघितलं, फोटो आलाय. आज त्यात मानूस हाय.”

“अंगद?”

“न्हाई. हे हायत. पाठमोरे. हातात वही हाय. पाण्याकडं बघत उभे हायत.” त्यांचा श्वास लागला होता. “म्हंजे ह्यांच्या मागं कोनतरी उभं हाय, अन् ह्यांना ठावं न्हाई. ह्यांचा फोन तर हितंच हाय माझ्या हातात. मी काय करू, ताई?”

“मामी, फोन ठेवा आणि पळा.”

त्यांनी फोन ठेवला, पण बंद केला नाही. मला त्यांची पावलं ऐकू आली, दाराची कडी ऐकू आली, मग काहीच नाही. रिकामी खोली, पंख्याचा आवाज. मध्येच एकदा डिस्क कुरकुरली. अजून काहीतरी येत होतं. मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले, किती वेळ ते आठवत नाही. खोलीत कोणी परत आलं नाही. मग कधीतरी आपोआप फोन कट झाला.

त्यानंतर सव्वाआठचे फोन थांबले. मलाही करायचा धीर झाला नाही. दहा वेळा नंबर काढला आणि दहा वेळा ठेवून दिला. उत्तर काय येईल याचं भय होतं, आणि ते उत्तर मीच अर्धं पुसून ठेवलं होतं. गिऱ्हाइकं येत राहिली, जागा कुठं गेली विचारत राहिली. मी आता काही पुसायच्या आधी प्रत्येकाला एकच विचारते, हे कोणाचं आहे? लोकांना वाटतं बाईला म्हातारचळ लागला.

महिना-सव्वा महिना झाला असेल. एका दुपारी दुकानाच्या पायरीवर सावली पडली. भुजंगराव होते. टोपी नवी, काखेत उपरण्यात गुंडाळलेली तीच डिस्क.

“भरली,” ते म्हणाले. “मोठी द्या.”

“या मामा, बसा,” मी म्हटलं आणि खुर्चीवरचा कीबोर्ड उचलला.

त्यांनी त्या एका खुर्चीकडं बघितलं, मॉनिटरांच्या ढिगाकडं बघितलं, मग मागं वळून रस्त्याकडं.

“बसतो की. पन अजून एकाला जागा हाय का, ताई? तो गाडी लावायलाय.”